पांढरीतल्या बाईचा खुंटा

माझ्यापाशी गोष्ट एकच होती. ती मला आईनं दिली होती आणि मी ती कुणाला पुरती सांगत नव्हतो. एका मास्तरीणबाईनं ती माझ्याकडून काढून घेतली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. मी अजून तिच्यावर जळतो. लेक म्हणते, तात्या, आता तरी सोडा. मी सोडत नाही, म्हणून तर लिहायला बसलोय. दुसरीपर्यंत शिकलोय, त्यामुळं अक्षर मोठं येतं आणि वही लवकर भरते. पण लिहितो माझं मीच, कुणाला सांगून लिहून घेत नाही.

आमचं गाव विट्याच्या वरच्या अंगाला. खाली पलूसकडं कृष्णेचं पाणी आणि ऊस, आमच्याकडं बाजरी आणि वारा. पाऊस बेताचा, म्हणून घरं माळवदाची. लाकडाच्या तुळया, त्यांच्यावर निरगुडीच्या फाट्या, त्यावर तुडवलेल्या चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. असली मातीची छपरं घालणं हा माझा धंदा होता. आसपासच्या पाच गावांत माझ्या हाताचं माळवद गळलंय असं कुणी म्हणून दाखवावं.

ही पांढरी माती येते गावाच्या पूर्वेच्या टेकाडातून. त्याला आम्ही पांढर म्हणतो. तिथं कधीकाळी मोठं गाव होतं, ते पालथं झालं. तिथली माती राखेसारखी मऊ, पण चोपून बसवली की पाणी खाली उतरू देत नाही. खणताना खापरं निघतात, काचेचे मणी निघतात, एखादं हाडूक निघतं. बुडालेल्या गावाची माती जित्या गावाच्या डोक्यावर, असा आमचा कारभार. जेवताना छपरातनं ताटात मातीचा कण पडला की आई म्हणायची, जुन्या गावानं वाढलं बघ.

चिखल तुडवायला पाय लय लागतात. मोठी माणसं रोजाचे पैसे मागतात, पोरं गोष्ट मागतात. म्हणून मी पोरं बोलवायचो. अंगणात मातीचं आळं करायचं, भुसा टाकायचा, पाणी सोडायचं आणि दहा-पंधरा पोरं आत उतरवायची. मी कडेला बसून गोष्ट सांगायचो आणि पोरं गुडघाभर चिखलात गोल गोल फिरायची. गोष्टीला रंग चढला की पाय जोरात पडायचे. कुठं थांबायचं, कुठं ताणायचं, हे मी चिखलाकडं बघून ठरवायचो.

गोष्ट अशी. पांढरीच्या गावात एक तहानेला गोसावी आला. दारोदार फिरला, कुणी पाणी दिलं नाही. एक बाई दळत बसली होती. ती दळण सोडून उठली, पाणी दिलं, पसाभर पीठ दिलं. तो म्हणाला, दिवस कलायच्या आत लेकीला घेऊन गाव सोड आणि मागं बघू नको. बाईनं जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेतला, लेकीला पुढं घातलं आणि निघाली. शिवेपर्यंत आली. आणि शिवेवर मागं वळली. गाव पालथं झालं आणि बाईचा दगड झाला. लेक पुढं चालत होती, ती वाचली. पांढरीच्या कडेला कमरेएवढा एक दगड उभा आहे, तीच ती बाई.

इथं मी थांबायचो. का वळली, असं पोरं विचारायची. मी म्हणायचो, चिखल झाला, पाय धुवा, बाकीचं पुढच्या माळवदाला. पुढच्या माळवदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो आणि पुन्हा तिथंच थांबायचो. त्या एका कारणावर मी वीस वर्षं पोरं खेळवली.

ते कारण आमच्या घरातच राहायचं होतं. बाई खुंट्यासाठी वळली. दगड घेतला, पण दळताना हातात धरायचा लाकडी खुंटा उपटून खाली ठेवला होता, तो तसाच राहिला. खुंट्याबिगर जातं फिरायचं कसं आणि नव्या गावात लेकीला घालायचं काय, एवढंच तिच्या मनात आलं. लहानपणी मी आईला म्हणालो होतो, बाभळीचा नवा खुंटा करता आला असता की. आई म्हणाली, हाताला बसलेला खुंटा नवा करता येत नाही. त्या वाचलेल्या लेकीचा वंश म्हणजे आमचं घर. म्हणून आमच्यात लेक नांदायला जाते तेव्हा आईच्या जात्याचा खुंटा तिच्या ओटीत घालतात आणि आई आपल्यासाठी नवा करून घेते. गावात कुणालाच याचं कारण ठाऊक नव्हतं. मला होतं, बायकोला होतं आणि लेकीला होतं. लेक तेव्हा चौथीत होती. मातीतले मणी वेचून दोऱ्यात ओवायची, आणि माझ्या मांडीला टेकून ती गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल, त्या दिवाळीनंतर शाळेत बाई आली. माधवनगरची, बाप गिरणीत. वय पंचविसाच्या आत. तिला राहायला दिलेल्या खोलीचं माळवद जुनं होतं आणि तिच्या वह्यांवर माती पडायची. घरमालकानं मला बोलावलं. मी नेहमीसारखी पोरं उतरवली आणि गोष्ट लावली. बाई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग तिनं लुगड्याचा काचा मारला आणि चिखलात उतरली. पोरांना आनंद झाला. तिथंच माझं डोकं फिरलं, कारण गोष्ट मी सांगत होतो आणि पोरं बघत होती तिच्याकडं.

गोष्टीतली बाई मागं वळली, इथं मी थांबलो. चिखल झाला, म्हणालो. तेव्हा ही बया पोरांना म्हणाली, "का वळली असेल? सांगा बरं. आणि जे सांगाल ते कशावरून, तेही सांगा."

वीस वर्षांत माझ्या गोष्टीला कुणी कशावरून म्हटलं नव्हतं. पोरं चिखलात उभी राहून भांडायला लागली. एक म्हणालं, म्हस राहिली असेल. बाई म्हणाली, कशावरून? तर त्याचं तेच म्हणालं, गोष्टीत म्हस आलीच नाही. मग ते बाद. दुसरं म्हणालं, दार उघडं राहिलं असेल. कशावरून? पाय धुवायचं कुणाला भान नाही. माझी लेक सगळं ठाऊक असून ओठ मिटून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. तेवढं मला बरं वाटलं.

ह्या बाईची शिकवायची तऱ्हा पुढं गावभर झाली. आमची पोरं धडा घडाघडा वाचायची. काय वाचलं असं विचारलं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागायची. बाईनं पुस्तक ठेवलं बाजूला. दुकानातला खाकी कागद आणून त्यावर मोठ्या अक्षरात बुडालेल्या गावांच्या गोष्टी लिहायला लागली. समुद्रानं गिळलेलं एक बंदर. वाळूखाली गेलेलं एक नगर. आणि कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं तिचं आजोळ, तिथल्या देवळाचा कळस कडक उन्हाळ्यात वर येतो म्हणे. कागद अर्ध्यात दुमडून ठेवायची. वरचं वाचा, खाली काय असेल ते सांगा, आणि कशावरून वाटलं त्या ओळीवर बोट ठेवा. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर धरायची नाही. रागवायची मात्र नाही, नुसती वाट बघत बसायची.

मला तिच्या त्या आजोळाचासुद्धा हेवा वाटला. माझं गाव कधी पालथं झालं ते कुणी बघितलं नव्हतं. हिचं गाव हिच्या आईनं बुडताना बघितलेलं.

आता पोरं चिखलाला येईनात. सुट्टीच्या दिवशी बाईच्या ओट्यावर बसायची. मी दोन माळवदं रोजाची माणसं लावून केली. माणसं गोष्ट न ऐकता तुडवतात, आणि तसा चिखल वाळला की भेगाळतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे चिखल चांगलाच झाला होता. त्याच वर्षी पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेल्या एकानं वेशीजवळ स्लॅबचं घर बांधलं, तेही मला टोचत होतं. पण स्लॅबला मी शिव्या देऊ शकत होतो. बाईला काय देणार? लेक घरी येऊन जेवताना तिचंच सांगायची. मी म्हणायचो, ये, गोष्ट सांगतो. ती म्हणायची, तात्या, ती मला ठाऊक हाय, बाईंची नवी असती.

जानेवारीत बाई स्वतः घरी आली. म्हणाली, "मामा, तुमच्या पांढरीची गोष्ट मला लिहायची आहे. आपल्याच गावची आहे, मुलं मन लावून वाचतील. फक्त बाई का वळली तेवढं सांगा. तुमचं नाव वर घालते."

लेक चुलीपाशी होती. बायको भाकरी थापत होती. मी खापराच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ ओढत बसलो होतो. खरं सांगावं, तर गोष्ट तिची होणार. न सांगावं, तर गाव म्हणणार, ह्यालाच ठाऊक न्हाई. मी मान वर न करता म्हणालो, "सोन्याच्या पाटल्या राहिल्या हुत्या घरात. त्या आणायला वळली."

बायकोचा भाकरीवरचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. लेकीनं चुलीत काटकी सारली. बाईनं तिथंच वहीत लिहून घेतलं, आभार मानले, गुळाचा खडा खाऊन पाणी प्याली आणि गेली. मला वाटलं, जिंकलो. कागद तिचा, खरं माझं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला सगळं गाव जमलं. बाईनं खाकी कागद शाळेच्या भिंतीला लावला होता. वर माझं नाव, लांबनं मला तेवढंच वाचता आलं. वाचायला तिनं माझ्याच लेकीला उभं केलं. लेकीनं वाचलं. ती वाचते कशी ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रडतखडत नव्हे आणि घडाघडाही नव्हे, आपण कुणाला काही सांगतो ना, तसं. गोसावी आला तेव्हा म्हातारी माणसंही पुढं सरकली. माझी छाती वर आली, आणि लगेच ध्यानात आलं की हे मी शिकवलेलं नाही.

मग बाईनं विचारलं, गोष्टीतली बाई का वळली? लेकीनं माझ्याकडं बघितलं. भिंतीला टेकून मी उभा होतो. तिनं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पाटल्यांसाठी. हितं लिवलंय."

मग गोष्टीतली ती बाई कशी होती, असं मास्तरीणबाईनं सगळ्यांना विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, लोभी होती. कशावरून? पाटल्यांवरनं. माझ्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी कानातल्या बुगडीला हात लावून म्हणाली, "सोन्यापायी दगड झाली गं बाई. बरंच झालं की मग." लोक हसले. मीही हसलो असेन. दुसरं काय करणार होतो?

दुपारी बायको दळत होती. दळता दळता जात्याकडंच बघून म्हणाली, "आत्याबाईंनी आपली म्हणून सांगितलेली बाई तुमी गावात हावरी करून ठेवलीसा. आता माझ्या लेकीच्या ओटीत खुंटा घालू का पाटली?"

लेक दारात मणी ओवत होती. मी तिच्याजवळ बसलो. तिनं विचारलं, "तात्या, खरं कुठलं?"

"घरातलं."

"मग कागदावर खोटं का सांगितलंसा?"

"बाईनं विचारलं म्हणून."

ती जरा वेळ दोऱ्याला गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "बाईंनी तर खरं इचारलं हुतं."

ती रागावली असती तर मी दटावलं असतं. ती रागावली नव्हती. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी बाई चुकलेल्या पोराकडं बघते. वाट बघत. आजवर ह्या पोरीनं माझ्या तोंडून निघालेलं सगळं खरं धरलं होतं. ते आता जाणार, आणि गेलं की पुन्हा यायचं नाही, हे मला कळलं. बाकी गाव गेलं असतं तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी भर शाळेत गेलो. पाय धुतले नव्हते, तसाच. दारातनंच म्हणालो, "बाई, तुमचं चुकलंय. पाटल्या न्हवत्या."

"मामा, तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं आसंल. पर लिवलं तुमी."

पोरं खाली बघून हसायला लागली. बाई हसली नाही. तिनं खडू माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "मग खरं ते तुम्ही लिहा."

खडू मी धरला. दुसरीतनं शाळा सोडल्यावर हातात आला तो त्या दिवशीच. फळ्यावर एक ओळ लिहिली, बाई जात्याच्या खुंट्यासाठी वळली. एवढ्याला किती वेळ लागला ते विचारू नका. ओळ चढत गेली, शेवटचा शब्द फळ्याच्या चौकटीला जाऊन भिडला. पाठीमागं पंचवीस पोरं बसली होती. लिहून झाल्यावर वळलो तेव्हा अंगरखा घामानं चिकटला होता. आता बाई कागद काढून टाकील आणि माझी ओळ ठेवील, अशी माझी समजूत.

तिनं कागद काढला नाही. म्हणाली, "मुलांनो, आता दोन कारणं झाली. भिंतीवर एक, फळ्यावर एक. खरं कुठलं? आणि कशावरून?"

गोष्टीचा मालक समोर उभा, आणि ही पुरावा मागतेय. माझा तिळपापड झाला. मी म्हणालो, माझ्या आईनं सांगितलंय, यावरनं. ती म्हणाली, ते आम्ही ऐकलं मामा, आता मुलांना बघू द्या. अर्ध्या पोरांनी पाटल्या धरल्या, कारण काल तेच वाचलं होतं. लेकीनं हात वर केला नाही. मग बाई म्हणाली, इथं बसून कळायचं नाही, चला पांढरीवर.

अख्खी शाळा निघाली. मीही मागनं गेलो, कारण घरी जाणं म्हणजे हरणं. उभ्या दगडाशेजारी एक गोल दगड मातीत अर्धा रुतलेला आहे, त्यावर बसून मी माती खणायच्या दिवसांत भाकरी खायचो. माझ्या बैठकीनं तो गुळगुळीत झालेला. लेक थेट तिकडं गेली, हातानं माती उकरायला लागली, आणखी चार पोरं लागली. दगड उलटा झाला. तो जात्याचा वरचा दगड होता. मधे धान्य टाकायचं तोंड, आणि कडेला खुंट्याचं भोक. रिकामं.

तीस वर्षं मी त्यावर बसलो होतो. एकदाही उलटून बघितला नव्हता.

लेकीनं भोकात बोट घातलं, तसंच ठेवलं आणि माझ्याकडं न बघता बाईला म्हणाली, "ह्यावरनं."

बाईला तेवढ्यानं भागतंय होय? ती म्हणाली, लाकूड आहे, कुजून गेलं असेल, मग? लेक म्हणाली, "कुजलं आसंल. पर जातं तर हितं हाय. पाटलीचं हितं कायबी न्हाई. ज्येचं कायतरी हाय, ते आदी धरायचं." पाटल्यावाली पोरं एकेक करून तिच्या बाजूला आली. एक अडून बसलं, पाटल्या चोरानं नेल्या म्हणून. त्याला बाईनं अडूनच राहू दिलं.

परतताना लेक माझ्याजवळनं चालायला लागली. हात मातीनं भरलेला, तोच तिनं माझ्या हातात दिला. "तात्या, तुमचंच खरं निघालं," म्हणाली. मला लय बरं वाटलं. आणि त्याच वेळी आतनं काहीतरी चावलं. काल सकाळपर्यंत तिला माझा शब्द पुरत होता. आज माझा शब्द खरा ठरवून द्यायला बाईचं कशावरून लागलं.

बाईनं नवा कागद लिहिला, त्यात दोन्ही कारणं लिहिली आणि खाली पोरांनी काय शोधलं तेही. माझं नाव राहू दिलं. मी तिला पाटल्या का सांगितल्या, हे तिनं मला कधीच विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि तिनं विचारलं नाही, ह्याचाही मला राग आहे. विचारलं असतं तर मी काहीतरी बाणेदार उत्तर दिलं असतं.

पोरं पुन्हा चिखलाला यायला लागली. पण आता शेवट सगळ्यांना ठाऊक, थांबायला जागा राहिली नाही. मग मी मधेच गोष्ट वाढवायला लागलो. गोसावी किती दारं फिरला, कोणत्या दारात काय म्हणाले, कुणाच्या रांजणात किती पाणी होतं आणि तरी कसं दिलं नाही. पोरं ऐकायची, आणि मधेच एखादं विचारायचं, कशावरून? मी म्हणायचो, तुडव गप. पण पुढच्या वेळी सांगताना कशावरून ते आधीच घालून ठेवायचो. गोष्ट त्यामुळं चांगली झाली असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटत नाही.

पुढं पत्रे आले, स्लॅब आले, पांढरीची माती कुणी मागेना. बाईची बदली साताऱ्याकडं झाली. जायच्या दिवशी ती पांढरीवर जाऊन आली, आणि जाताना मूठभर माती पुडीत बांधून नेली. आजोळची माती पाण्याखाली गेली, ती आणता आली नव्हती म्हणाली. त्या दिवशी मी तिला एसटीपर्यंत पोचवायला गेलो, पेटी डोक्यावर घेतली.

लेक मास्तरीण झाली. पलूसला होती, आता तीही पेन्शनीत. लग्नात तिच्या आईनं खुंटा ओटीत घातला. तिच्या घरी जातं नाही, गिरणीतनं पीठ येतं. मागं गेलो होतो तेव्हा बघितलं, खुंटा तिच्या टेबलावर आहे, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. दोन्ही बाजूंनी हात लागून लागून चकचकीत झालाय, तिच्या आईच्या हातानं झाला होता त्याहून जास्त. मला बरं वाटलं. मग मान वर केली तर समोर भिंतीवर बाईचा फोटो.

मी विचारलं, माझा कुठाय? लेक म्हणाली, तात्या, तुमी तर जिते हाय, तुमचा कशाला लावू? बाई गेल्याचं मला तेव्हा कळलं. खुर्चीवर बसलो. लेकीनं पाणी आणून दिलं. मी खुंटा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग तो होता तिथं, कागदांवर ठेवला.